खाली बेताची ऊब, वर येताना पुरेशी: गोव्यात डाइव्ह करताना शरीराचं तापमान हिशोबात कसं धरावं

डिसेंबरातली सकाळ. ग्रँडे बेटाच्या आडोशाला बोट नांगरलेली, पहिली डाइव्ह झालेली, मतलई वारा अजून पडलेला नाही. अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी (आखूड वेटसूट) घातलेला एखादा नवखा ओलेत्यानं नाळेवर उभा असतो, हाताची घडी घट्ट, ओठ निळसर. थंडी वाजतेय का विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नाही हो सर, गोव्याचं पाणी गार कुठं असतं?"

मीही शिकत होतो तेव्हा हेच म्हणायचो. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर (तो खोली, वेळ, तापमान मोजतो) २७ किंवा २८ अंशांचा आकडा दिसला की तापमानाचा विषय संपला, असं वाटायचं. पण कपड्यांशिवाय पाण्यात नुसतं पडून राहणाऱ्या माणसाला गारठा लागू नये असं वाटत असेल, तर ते पाणी साधारण ३३ ते ३५ अंशांचं असावं लागतं. २८ अंशांच्या हवेत आपण पंखा लावतो. तेच २८ अंशांचं पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं. पहिल्या वीस मिनिटांत ते कळत नाही, दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी कळतं. आणि नेमकी तीच वेळ, म्हणजे वर येण्याची, डीकम्प्रेशनच्या, म्हणजे दाब कमी होताना अंगात विरघळलेला वायू बाहेर पडण्याच्या, दृष्टीनं सगळ्यांत नाजूक असते.

हा लेख नुकताच ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यांसाठी आणि पुढे खोल डाइव्हकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. ठरावीक खोलीवर थांबे (स्टॉप) घेत घेत वर यावं लागणाऱ्या, म्हणजे खऱ्या डीको डाइव्हसाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. त्याची जागा हा लेख घेऊ शकत नाही.

आधी शरीरात काय होतं ते

फोंड्याकडचं एखादं कुळागर पाहिलं असेल तर हे समजायला सोपं जाईल. झऱ्याचं पाणी मोठ्या पाटानं बागेत येतं. तिथून प्रत्येक पोफळीच्या आळ्याकडे जाणारी छोटी वाट असते आणि तिचं तोंड मातीचा गोळा लावून बंद करता येतं किंवा उघडता येतं. पाणी सगळीकडे पोचेल की मोजक्याच झाडांना मिळेल, हे त्या तोंडांवर ठरतं.

शरीरात रक्ताचं तसंच आहे. १० मीटरवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि रक्त त्याला स्नायू, चरबी, सांधे, त्वचा अशा सगळीकडे नेऊन पोचवतं. अंग गरम असलं, हातपाय जोरात चालत असले, की त्वचेकडच्या आणि हातापायांकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. सगळी तोंडं उघडी, नायट्रोजन भराभर आत. अंग गार पडलं की शरीर मेंदू, हृदय, पोट यांची ऊब राखण्यासाठी बाहेरच्या बाजूची तोंडं बंद करत जातं.

कुळागरातलं पाणी आळ्यात जिरलं की काम झालं. नायट्रोजनला मात्र परत यायचं असतं, आणि परतीची वाटही तीच, रक्ताची. खाली असताना उघड्या तोंडांतून जो नायट्रोजन त्वचेत आणि हातापायांत शिरला, तो वर येताना तोंडं मिटल्यामुळे तिथंच अडकतो. आपण वर येतोय, दाब कमी होतोय, आणि वायूला बाहेर पडायला पुरेसं रक्त मिळत नाही. मग तो जागच्या जागी बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. बेंड्स म्हणतात तो त्रास इथून सुरू होतो.

हे आपल्या कॉम्प्युटरला ठाऊक असतं का? बहुतेक वेळा नाही. १९०८ साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवरच्या प्रयोगांतून पहिली डीकम्प्रेशन कोष्टकं दिली. शरीराचे काही काल्पनिक भाग करायचे आणि प्रत्येक भागाला वायू भरण्याचा नि रिकामा होण्याचा ठरावीक वेग द्यायचा, ही त्यांची कल्पना. आजच्या बऱ्याच कॉम्प्युटरांतलं ब्यूलमान यांचं गणितही त्याच वाटेवरचं आहे. त्यात १६ भाग असतात. सगळ्यांत जलद भाग चार-पाच मिनिटांत निम्मा भरतो, सगळ्यांत संथ भागाला त्यासाठी ६३५ मिनिटं लागतात. पण एकाच भागाचा वेग डाइव्हच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखाच धरलेला असतो. मधल्या काळात तुमचं अंग गार पडलं, याला त्या समीकरणात जागाच नाही.

काही मोजकी मॉडेलं पाण्याचं तापमान आणि हवेचा खप पाहून हिशोब थोडा कडक करतात, हे खरं. पण त्यांचा सेन्सर पाणी मोजतो. तुम्ही ५ मिलिमीटरचा सूट घातलाय की नुसती चड्डी आणि रॅश गार्ड, हे त्याला दिसत नाही.

नौदलाचा प्रयोग, आणि त्यातला गोव्याचा आकडा

अमेरिकी नौदलाच्या फ्लोरिडातल्या प्रायोगिक डाइव्हिंग युनिटनं नेमका हाच प्रश्न तपासला. त्याचा अहवाल २००७ चा. पाण्यानं भरलेल्या दाबकक्षात डाइव्हर १२० फूट, म्हणजे सुमारे ३७ मीटर खोलीच्या दाबावर गेले, आणि तळाचं पाणी नि वर येतानाचं पाणी वेगवेगळ्या तापमानाचं ठेवलं. 'गरम' म्हणजे ३६ अंश, 'थंड' म्हणजे २७ अंश. वर येतानाचे स्टॉप सगळ्यांना सारखेच, मिळून ८७ मिनिटांचे.

तळाशी गरम आणि वर येताना थंड असलेल्यांना अवघी ३० मिनिटं तळाशी ठेवलं, तरी ३२ डाइव्हांपैकी ७ मध्ये डीकम्प्रेशनचा त्रास झाला. म्हणजे २२ टक्के. तळाशी थंड आणि वर येताना गरम असलेल्यांना ७० मिनिटं, म्हणजे दुपटीहून जास्त वेळ तळाशी ठेवलं. तिथे १५८ डाइव्हांत त्रास झाला फक्त २ मध्ये, १.३ टक्के. दुप्पट वेळ नायट्रोजन भरूनही धोका कितीतरी कमी राहिला, आणि फरक होता तो गरम-थंडाच्या क्रमाचा.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थांबलो तो त्यातल्या एका शब्दावर. त्यांनी ज्याला थंड म्हटलं ते पाणी २७ अंशांचं होतं. हिवाळ्यातल्या ग्रँडेच्या तळाशी मी रोज वाचतो तो आकडा.

यातून घाईनं निष्कर्ष काढू नये. तिथं खोली ३७ मीटर होती, डीको लांब होता, आणि ३६ अंशांचं पाणी तुम्हाला अरबी समुद्रात कुठंच मिळणार नाही. सूट घालून गोव्यात जो फरक पडतो तो याहून बराच सौम्य असणार. १२ मीटरच्या एका डाइव्हला डीको स्टॉपशिवाय वर येता येईल अशी पुस्तकी मर्यादा १४७ मिनिटं आहे. तुमचा सिलिंडर त्याच्या खूप आधी संपतो. अशा एकट्या डाइव्हला तापमानामुळे बेंड्स होण्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण दिवसाला दोन-तीन डाइव्ह, सलग तीन-चार दिवस, नंतर कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जाऊन २५ मीटरपलीकडे उतरायचं, हे सुरू झालं की छोटे फरक साठत जातात. सवय उथळ पाण्यातच लागते, म्हणून हे इथंच शिकावं.

दुसरा चुकीचा निष्कर्ष म्हणजे तळाशी मुद्दाम कुडकुडत राहणं. प्रयोगातल्या डाइव्हरांना वर येताना कोमट पाणी मिळालं होतं. तुम्हाला समुद्रात ते कोण देणार? खाली गमावलेली ऊब स्टॉपवर परत मिळत नाही. शिवाय गारठलेली बोटं इन्फ्लेटरचं (जाकिटात हवा भरायचं) बटण नीट दाबत नाहीत, हवा जास्त लागते, डोकं मंद चालतं. त्यामुळे खाली घाम येईल इतकं गरम नको आणि वर येताना गार तर अजिबात नको, एवढंच साधायचं. अडचण अशी की साधी डाइव्ह आपोआप उलट्या दिशेनं जाते. आपण उन्हात तापून उतरतो, सुरुवातीला जोर लावून पोहतो आणि शेवटी स्टॉपवर निश्चल लटकत गार पडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा उतार थोडा सपाट करण्यासाठी आहेत.

पायरी १: तळाचं तापमान विचारा

बोटीवर चढण्याआधी आदल्या दिवशी डाइव्ह केलेल्या कुणाला तरी विचारा: तळाला किती होतं? वरच्या पाण्यावरून अंदाज बांधू नका. एप्रिल-मे मध्ये गोव्याचं वरचं पाणी २९-३० अंशांपर्यंत जातं, डिसेंबर ते फेब्रुवारीत २७-२८ च्या आसपास असतं. फसवणारा काळ म्हणजे पावसाळ्यानंतरचे पहिले आठवडे. नैर्ऋत्य मान्सूनमध्ये आपल्या किनाऱ्यालगत खोलातलं गार, कमी प्राणवायूचं पाणी वर सरकतं; दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं याचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. ऑक्टोबरात सीझन उघडतो तेव्हा वर कोमट आणि खाली एकदम गार असा थर लागू शकतो. त्या थरातून खाली जाताना चेहऱ्याला चटका बसावा तसा गारवा लागतो. तापमानाचा बेत नेहमी त्या खालच्या आकड्यावर करा.

पायरी २: सूट

इथं मी सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

गोव्यात भाड्यानं मिळतो तो बहुधा ३ मिलिमीटरचा सूट, अनेकदा शॉर्टी. पर्यटकांच्या वीस मिनिटांच्या ट्राय डाइव्हला तो चालतो. दिवसाला दोन पूर्ण डाइव्ह करणार असाल तर पूर्ण बाह्यांचा नि पूर्ण पायांचा ३ मिलिमीटरचा सूट घ्या, आणि शरीर सडपातळ असेल किंवा थंडी लवकर वाजत असेल तर ५ मिलिमीटरचा. मापात बसणं जाडीइतकंच महत्त्वाचं आहे. मान, मनगट, कंबर इथून पाणी आत-बाहेर होत असेल तर ५ मिलिमीटरचा सैल सूट ३ मिलिमीटरच्या घट्ट सुटापेक्षा गार पडतो. वाकून पाहा: पाठीच्या खोलगट भागात सूट सुटून राहत असेल तर दुसरा मागा. मागायला लाजू नका.

निओप्रिनची (सूट ज्याचा बनतो त्या फोमसारख्या रबराची) ऊब त्यातल्या बारीक हवेच्या बुडबुड्यांमुळे असते, आणि खोलीवर ते दबतात. ३० मीटरवर सुटाची जाडी बरीच घटलेली असते. बोटीवर ऊबदार वाटलेला सूट तळाशी तेवढा ऊबदार राहत नाही. जुना, शेकडो डाइव्ह झालेला सूट तर कायमचा दबलेला असतो. भाड्याच्या सुटाचा गुडघ्याजवळचा भाग चिमटीत धरून पाहिला की कळतं. पातळ हूड हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. गोव्यात हूड घातला की लोक बघतात. बघू देत.

आता उलट बाजू. मालीम किंवा कोको बीचवरून सुटलेली बोट बेटापाशी पोचायला तासभर लागतो. अनेक जण जेट्टीवरच सूट चढवतात, चेन गळ्यापर्यंत लावतात आणि उन्हात बसतात. अंग तापतं, घामानं पाणी निघून जातं, आणि रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या स्थितीत माणूस पाण्यात उडी मारतो. सूट कंबरेपर्यंतच घाला, चेन ब्रीफिंगनंतर लावा, थांबावं लागलं तर गळ्यातून समुद्राचं पाणी आत ओता.

बॅटरीवर चालणारी गरम बंडी थंड देशांतले टेक्निकल डाइव्हर वापरतात. इथं ती लागत नाही, पण पुढे कधी वापराल म्हणून सांगतो: ती तळाशी चालू करून बॅटरी संपवणं आणि स्टॉपवर गार पडणं, म्हणजे नौदलाच्या प्रयोगातला सगळ्यात वाईट क्रम स्वतःच्या हातानं घडवणं. ती राखून ठेवायची वर येतानासाठी, आणि बेत मात्र ती बंद पडेल असं धरूनच करायचा.

पायरी ३: कोष्टकात जागा सोडा

पाडी (PADI) या प्रशिक्षण संस्थेच्या मनोरंजनात्मक डाइव्ह कोष्टकात यासाठी सरळ नियम आहे: पाणी थंड असेल किंवा मेहनत जास्त पडणार असेल, तर डाइव्ह प्रत्यक्षापेक्षा ४ मीटर खोल आहे असं धरून बेत करा. दिवसाच्या पहिल्या डाइव्हसाठी आकडे असे पडतात:

१४ मीटर: मर्यादा ९८ मिनिटं, १८ मीटर धरल्यास ५६.
१६ मीटर: मर्यादा ७२ मिनिटं, २० मीटर धरल्यास ४५.
१८ मीटर: मर्यादा ५६ मिनिटं, २२ मीटर धरल्यास ३७.

२७ अंशांना 'थंड' म्हणावं का, यावर बोटीवर वाद होतात. माझा निकष पाणी नाही, माणूस आहे. मागच्या डाइव्हच्या शेवटी तुम्हाला हुडहुडी भरली होती का? भरली असेल तर तुमच्यासाठी ते पाणी थंड आहे, नियम लावा. दिवसातल्या दुसऱ्या डाइव्हपासून तर मी शंका न घेता लावतो, कारण पहिल्या डाइव्हमध्ये गमावलेली ऊब भरून निघायला मधला तास पुरत नाही.

कॉम्प्युटरवर डाइव्ह करत असाल तर त्याची सावधगिरीची पातळी एक पायरी वाढवा, आणि हे पाण्यात शिरण्याआधी करा. नो-डीको वेळ (डीको स्टॉपची गरज न पडता खाली राहता येईल असा उरलेला वेळ) पाच मिनिटांखाली जाऊ देऊ नका. कॉम्प्युटर वाढवून देतो ती मोकळीक त्याच्या गणितातली आहे, तुमच्या गारठलेल्या पायांना ती लागू होत नाही.

पायरी ४: पाण्याखाली

खोल भाग आधी, उथळ नंतर. प्रवाहाविरुद्ध पोहावं लागणार असेल तर तेही सुरुवातीला, पण रेटून नाही. बुडालेल्या जहाजाला प्रदक्षिणा घालायची घाई कुणाला नसते. जोरात पाय मारले की स्नायूंना रक्त जास्त जातं आणि त्याबरोबर नायट्रोजनही. भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असलेल्या) दिवसांत पाणी कमी ओढतं, दिसतंही बरं. नवख्यांनी उधाणाचे दिवस टाळावेत असं मला त्याही कारणानं वाटतं.

हुडहुडी भरली की डाइव्ह संपली. बडीला (जोडीदाराला) खूण करा: दोन्ही हात दंडांवर चोळायचे, सगळ्यांना कळते. पण डाइव्ह संपवणं म्हणजे वर धाव घेणं नव्हे. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद नको आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप पुरा करायचा. नेत्राणीच्या एका डाइव्हला मी कोपरावर फाटलेला सूट घालून गेलो होतो. स्टॉपवर दात वाजायला लागले आणि एका मिनिटात मी वर आलो. थंडीचा हा परिणाम कुठल्याच कोष्टकात नसतो: ती माणसाला स्टॉप मोडायला लावते. त्या दिवशी पुढे काय झालं ते खाली सांगतो.

स्टॉपवर निश्चल लटकू नका. दोरीला एका हातानं धरून दुसऱ्या हाताची मूठ उघडबंद करा, पायांचे घोटे फिरवा, गुडघे हळू वाकवा. एवढ्यानं हातापायांत रक्त खेळतं राहतं. मात्र जोराचा व्यायाम इथं करू नका. वरचं पाणी खालच्यापेक्षा उबदार असेल तर तीन मिनिटांऐवजी पाच मिनिटं थांबा. तीच आपल्या वाट्याची कोमट पाण्याची सोय.

पायरी ५: बोटीवरचा मधला वेळ

डाइव्हर बोटीवर चढला की लोकांचं लक्ष सुटतं. वायू बाहेर पडण्याचं काम मात्र तासन्‌तास चालूच असतं. ओला सूट आणि वारा मिळून अंगाला झपाट्यानं गार करतात. सूट कंबरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, कोरडा टी-शर्ट आणि वर वाराबंद जाकीट घाला, डोकं झाका, तांडेलच्या मागे आडोशाला बसा. हे सामान कोरड्या पिशवीत बांधून घरून न्यायचं. बोटीवर मिळेल अशी आशा ठेवू नका.

प्या. पाण्यात उतरलं की दाबानं आणि गारव्यानं रक्त आत ढकललं जातं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि लघवी वाढते. वर येईपर्यंत पाणी कमी पडलेलं असतं, रक्त दाटलेलं असतं. त्यात टाकीतली कोरडी हवा. मी थर्मासात मीठ घातलेली गरम पेज नेतो. तिच्यानं तहानही भागते आणि पोटात ऊबही राहते. चहा चालेल. उराक चालणार नाही, कितीही मोसम असला तरी. दारूनं त्वचेकडच्या रक्तवाहिन्या उघडतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

एका तासानंतरही अंगात थरथर असेल तर दुसरी डाइव्ह सोडा. पैसे भरलेत म्हणून उतरायचं नसतं.

पायरी ६: किनाऱ्यावर आल्यावर

जेट्टीवरून थेट गरम पाण्याच्या शॉवरखाली जायचा मोह मोठा असतो. थांबा. गार ऊतींत वायू जास्त विरघळतो. त्या एकदम तापल्या की त्यांची धरून ठेवायची ताकद घटते आणि रक्तप्रवाह नीट सुरू व्हायच्या आधीच बुडबुडे सुटू शकतात. फ्रिजमधला सोडा उन्हात ठेवल्यासारखं. त्वचेत हे विशेष होतं. कोरडे कपडे, गरम पेय, चालणं-बोलणं यांनी हळूहळू ऊब येऊ द्या. मी किमान अर्धा-पाऊण तास जाऊ देतो, मग कोमट पाण्यानं आंघोळ. जाकुझी, सौना, जिम त्या दिवशी नाहीच.

परतीच्या प्रवासाचं एक. विमानाचा नियम सगळे पाठ म्हणतात: एका नो-डीको डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर १८ तास, डीको डाइव्ह असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. पण कोल्हापूर-बेळगावकडची आपली मंडळी गाडीनं परततात. आंबोली घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर वर आहे, चोर्ला त्याहून थोडा उंच, आणि विमानासाठी सांगितलेली ही मुदत सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होते. दुपारी डाइव्ह, संध्याकाळी ओल्या केसांनी गाडीतला एसी पूर्ण सोडून घाट चढणं, हा गार आणि उंच असा दुहेरी ताण आहे. रात्र गोव्यात काढा, सकाळीही वेळ मोजूनच निघा.

पायरी ७: गारठा की बेंड्स?

नेत्राणीच्या त्या संध्याकाळी मी हॉटेलवर जाऊन कढत पाण्यानं आंघोळ केली. पंधरा मिनिटांत पोटावर आणि खांद्यांवर खाज सुटली, कातडीवर लालसर-निळसर जाळी उमटली. मी ते कुणाला सांगितलं नाही, सुटाची ॲलर्जी म्हणून झोपलो. सकाळी ती गेलेली होती. आज एखाद्या विद्यार्थ्यानं असं लपवलं तर मी त्याला पुढच्या बोटीवर घेणार नाही, कारण त्वचेवरच्या अशा जाळीसोबत पाठीच्या कण्याचा किंवा मेंदूचा त्रासही असू शकतो.

फरक ओळखायला ढोबळ खुणा अशा. गारठ्यानं बधिर झालेली बोटं बहुधा दोन्ही हातांची असतात आणि ऊब मिळाली की अर्ध्या तासात पूर्ववत होतात. एकाच हातात किंवा पायात मुंग्या, ऊब मिळूनही न जाणारी बधिरता, खांद्यात किंवा गुडघ्यात खोलवरचं दुखणं, केलेल्या मेहनतीला न शोभणारा थकवा, चक्कर, तोल जाणं, लघवी न होणं, त्वचेवर जाळी: यांपैकी काहीही असेल तर थंडीवर ढकलू नका. उताणं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन सुरू करा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या, कोरडं पांघरूण घाला पण शेकू नका. १०८ ला फोन करा आणि डाइव्ह झाली होती हे पहिल्या वाक्यात सांगा. पुन्हा पाण्यात उतरवून बरं करण्याचा प्रयत्न कधीही करू नका. खरा उपाय दाबकक्षात असतो. जवळचा चालू दाबकक्ष कुठं आहे आणि तुमच्या बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे दोन प्रश्न बोट सुटायच्या आधी विचारायचे. ज्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येतो, तिथं डाइव्ह करू नका.

वहीत एक रकाना

लॉगबुकात खोली आणि वेळ सगळेच लिहितात. त्यात तीन गोष्टी जोडा: तळाचं किमान तापमान, सूट कोणता, आणि कितव्या मिनिटाला गार वाटायला लागलं. पंधरा-वीस डाइव्हांत तुमच्या शरीराचा अंदाज तुमच्या हातात येतो, आणि तो कुठल्याही कॉम्प्युटरकडे नसतो. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"ग्रँडे, दिवसाची दुसरी. कमाल १४ मी., बेत १८ चा. ४३ मिनिटं. तळाला २७. ३ मिमी फुल, हूड नाही. ३३ व्या मिनिटाला हात गार, ३६ ला वर निघालो. स्टॉप ५ मिनिटं पूर्ण. उद्या हूड."